खाली काय आहे

चिंचवड स्टेशनच्या चौकात पत्रे लागले त्याला आता बरेच महिने झाले. महामार्गाच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहताहेत, पिंपरीहून पुढे आकुर्डी, निगडीकडे. सकाळी दूध आणायला गेलो की कोणता खांब किती वर आला हे मी पाहून येतो. निवृत्त माणसाला एवढं काम पुरतं. भोसरीच्या एका टूलरूममध्ये उभी हयात मायक्रॉन मोजण्यात गेली, आता मीटर मोजतो.

ही टिपणं सुरू झाली ती टपरीवरच्या एका प्रश्नावरून. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ चहा फुंकत म्हणाले, "पुण्यात जमिनीखालून मेट्रो आणि आपल्या नशिबी खांब. आपण काय सावत्र का हो?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन आकडे काढले.

*

एकाच मार्गाची दोन टोकं. उत्तरेला पिंपरी ते निगडी: ४.४१ किलोमीटर, खांबांवरून, ९१० कोटी १८ लाख. केंद्राची मंजुरी ऑक्टोबर २०२३. दक्षिणेला स्वारगेट ते कात्रज: ५.४६ किलोमीटर, जमिनीखालून, २,९५४ कोटी ५३ लाख. मंजुरी ऑगस्ट २०२४.

भागाकार केला. आमच्याकडे किलोमीटरला २०६ कोटी, त्यांच्याकडे ५४१. अडीचपटीहून जरा जास्त. शहर एक, संस्था एक, मंजुऱ्यांमध्ये जेमतेम दहा महिन्यांचं अंतर. तुलनेला यापेक्षा स्वच्छ जोडी मिळायची नाही.

सावत्रपणाबद्दल: आमचा महामार्ग ६१ मीटर रुंद आहे. खांबाला मधे जागा आहे, वर सावली पडेल एवढंच. कसब्यात खांब उभा करायचा तर आधी कुणाचा तरी वाडा आडवा करावा लागेल. जमिनीखालून जाणं ही पुण्याची ऐट नाही, अडचण आहे. हे त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. "सावलीत दुकान कोण बघतं?" म्हणाले. त्यांचं दुकान महामार्गावर आहे हे मला नंतर कळलं.

*

आता वेळेचा हिशेब.

पुणे मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६. पहिली गाडी ६ मार्च २०२२ ला धावली, पिंपरी ते फुगेवाडी आणि वनाज ते गरवारे कॉलेज. भुयाराचं यंत्र कृषी महाविद्यालयाच्या आवारातून निघालं २०२० च्या अखेरीस. जून २०२२ मध्ये शेवटचा खडक फुटला आणि खोदाई संपली. शिवाजीनगर ते स्वारगेट, जाण्याचं एक नळकांडं, येण्याचं एक. त्यातून प्रवासी स्वारगेटला पोचले २९ सप्टेंबर २०२४ ला.

म्हणजे भूमिपूजनापासून यंत्र फिरेपर्यंत चार वर्षं. खोदाई दीड वर्ष. खोदाई संपल्यापासून तिकीट फाटेपर्यंत सव्वादोन वर्षं. मधे करोना होता हे खरं, पण तो दोन्ही बाजूंना वाटून टाकला तरी चित्र बदलत नाही. पावणेआठ वर्षांतलं दीड वर्ष खडकानं घेतलं.

टूलरूममध्ये याला शब्द आहेत: कटिंग टाइम आणि सेटिंग टाइम. जॉब मशीनवर वीस मिनिटं असतो आणि तो फिक्श्चरमध्ये बसवून, डायल लावून, शून्यावर आणायला अर्धा दिवस जातो. नवा मॅनेजर आला की त्याला आधी महागडा वेगवान कटर हवा असतो. वीस मिनिटांची दहा होतात, अर्धा दिवस तसाच राहतो. मग तो मॅनेजर दुसऱ्या कंपनीत जातो.

*

यंत्राविषयी थोडं, कारण मला यंत्रं आवडतात.

पुढे एक फिरतं तोंड, त्यावर पोलादी चकत्या. त्या खडकाला कापत नाहीत, दाबतात. दाबाखाली शेजारशेजारच्या दोन खाचांमधला खडक कपचा होऊन सुटतो. मागे जॅक, ते काँक्रीटच्या तयार कड्याला पाय रोवून सगळं धूड पुढे ढकलतात. कड्याच्या रुंदीइतकं पुढे गेलं की थांबायचं, आतल्या आत नवं कडं जुळवायचं, मग पुन्हा पाय रोवायचे. म्हणजे यंत्रसुद्धा बराच वेळ कापत नसतं. सेटिंगमध्ये सेटिंग.

पुण्याच्या यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नावं दिली होती. पवना आमची नदी, मोरया गोसावींच्या समाधीच्या पायऱ्यांशी वाहणारी. तिच्या नावाचं यंत्र स्वारगेटहून बुधवार पेठेकडे गेलं. चिंचवडच्या खालून ते कधी जायचं नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या बोगद्यासाठी जे १२.१९ मीटर व्यासाचं आणलं, त्याचं नाव मावळा. नाव मावळातलं, काम मलबार हिलखाली. आमच्याकडचे लोक नोकरीला मुंबईला जातात, तसं.

*

राडारोडा. याचा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून मांडून पाहिला.

साडेसहा मीटर व्यासाचं भोक धरलं तर एक मीटर पुढे गेल्यावर ३३ घनमीटर घट्ट खडक निघतो. फुटला की फुगतो, दीडपट धरा: ५० घनमीटर. एका हायवा डंपरात पंधराएक घनमीटर. म्हणजे मीटरला तीन-सव्वातीन खेपा. दिवसाला दहा मीटर गेलं तर तीसपेक्षा जास्त हायवा, एका यंत्रामागे. शहरात अवजड गाड्यांना दिवसा बंदी असते, म्हणजे हे सगळं रात्रीच्या काही तासांत, एकाच फाटकातून. यंत्राचा वेग दुप्पट केला तर साठ हायवा. फाटक तेवढंच, रात्र तेवढीच.

वेगाची गोष्ट निघाली की इलॉन मस्कचं नाव कुणीतरी घेतंच. लास व्हेगासमध्ये त्याच्या कंपनीचं भुयार २०२१ पासून चालू आहे, त्यातून मोटारी जातात. व्यास बारा फूट, म्हणजे साधारण ३.६६ मीटर. वर्गाचं गणित केलं तर आपल्या भोकाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा खडक. स्थानकं जवळपास जमिनीवरच, आणि सुरुवातीचं काम एका प्रदर्शन केंद्राच्या आवारात. स्वस्त पडलं यात नवल नाही. एवढ्याच जाडीचं भोक एकाच मालकाच्या मोकळ्या आवारात पाडायचं असेल तर भोसरीतही स्वस्तात होईल.

*

मावशी कसब्यात राहते. यंत्र यायच्या आधी वाड्यात माणसं आली. प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक तडीचे फोटो काढले, तडांना नंबर दिले, मोजमापं लिहून घेतली. नंतर कुणी "तुमच्या मेट्रोनं भिंत तडकली" म्हणू नये म्हणून ही तजवीज. मावशीनं त्यांना चहा दिला आणि वर आणखी चार तडा दाखवल्या ज्या त्यांच्या नजरेतून सुटल्या होत्या. "ही पानशेतच्या पुराच्या वर्षीची," असं प्रत्येकीचं जन्मसाल सांगितलं.

मी विचारलं, "मावशी, खालून यंत्र गेलं तेव्हा काही कळलं का गं?"

"काही नाही रे. ते गेले म्हणून सांगायला आले तेव्हा कळलं."

मला वाटतं त्या फोटोंची फाइल हा त्या बोगद्यातला एक महत्त्वाचा भाग आहे. तिच्यात सिमेंट नाही, सळई नाही. पण शेकडो जुन्या घरांची अशी एकेक फाइल करायची म्हणजे माणसं लागतात, महिने लागतात.

*

कात्रज. इथे जरा थांबतो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं गेलं, जमिनीखालून. दगड-विटा-चुन्याचं बांधीव भुयार, बऱ्याच ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल एवढं. पंप नाही. सगळा खेळ उताराचा. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधलेले: हवा जावी, दाब मोकळा व्हावा, गाळ काढायला माणूस उतरावा. पेठांत हौद, काळा हौद, बदामी हौद. बायका तिथून पाणी भरत. दोनशे वर्षांहून जास्त काळ त्यातून पाणी वाहिलं.

आता त्याच दिशेनं उलटं भुयार निघालंय, स्वारगेटहून कात्रजकडे. पहिलं वरून खाली पाणी आणायला, दुसरं खालून वर माणसं न्यायला. अडीचशेहून जास्त वर्षांच्या अंतरानं दोन्ही कामं करणाऱ्यांना एकच प्रश्न पडला असणार: मधे काय काय आहे? पेशव्यांच्या कारागिरांना मधे बहुतेक शेतं, मुरूम आणि माळ लागला असेल. आजच्या लोकांना मधे पेशव्यांचे कारागीर लागतात.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोसाठी खोदताना खाली एक जुनं बांधीव भुयार लागलं. पाणी नेण्याचं असावं, असं अभ्यासकांनी सांगितलं. शहरभर बातमी झाली, बघायला गर्दी. आजोबांच्या वयाची माणसं म्हणाली, "बघा, शनिवारवाडा ते पर्वती भुयार होतं, आम्ही सांगतच होतो." प्रत्येक जुन्या गावात अशी एक दंतकथा असते, आमच्या चिंचवडगावातही वाड्याखालच्या भुयाराची होती. लहानपणी आम्ही ते शोधायला मेणबत्ती घेऊन एका बळदात शिरलो होतो आणि मांजरीच्या पिल्लांशिवाय काही सापडलं नव्हतं. माझा अंदाज असा की पुण्यातल्या पळून जाण्याच्या भुयारांच्या निम्म्या कथा या पाण्याच्या नळांमधूनच आल्या असाव्यात. कुणीतरी गाळ काढायला उतरलेला माणूस लांब कुठल्यातरी उच्छ्वासातून वर येताना पाहिला असेल. झालं.

*

२० सप्टेंबर २०२४. बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज साफ करणारा ट्रक उभ्या उभ्या जमिनीत गेला. मागच्या चाकांनी सुरुवात केली आणि सबंध ट्रक खड्ड्यात. चालक बचावला. खाली जुनी विहीर असल्याचं नंतर सांगण्यात आलं. विहिरीवर कधीतरी झाकण पडलं, त्यावर फरशी पडली, फरशीवर शहर वसलं.

नऊ दिवसांनी त्याच पेठांखालून मेट्रो सुरू झाली.

ठाण्यात याच्या उलट झालं. मुंबईला पाणी नेणाऱ्या खोल बोगद्याला कुणीतरी वरून बोअर मारताना भोक पाडलं. दुरुस्तीसाठी तो बंद ठेवावा लागला आणि ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईनं पंधरा टक्के पाणीकपात सोसली. बोअर मारणाऱ्यालाही खाली काय आहे ठाऊक नव्हतं.

*

डेक्कनचा काळा पाषाण बदनाम आहे, पण बोगद्यासाठी तो सज्जन. एकसंध, कोरडा, आपल्या पायावर उभा राहणारा. पंचाईत होते ती लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातकट पट्ट्यात आणि वरच्या मुरमात. खोल गेलात तर पाषाण, वर आलात तर माणसांनी करून ठेवलेलं सगळं.

मग खोलच का जाऊ नये? जावं. पण माणसाला गाडीत बसायला खाली यावं लागतं.

*

पैसा इथेच मुरतो. भोकात कमी, स्थानकात जास्त.

जिल्हा न्यायालयाचं भूमिगत स्थानक ३३ मीटर खोल आहे. अकरा मजली इमारत उलटी जमिनीत खोचल्यासारखं. छताच्या झरोक्यातून ऊन थेट फलाटावर उतरतं, पाहण्यासारखं आहे, चिंचवडच्या पाहुण्यांना मी मुद्दाम नेतो. पण तेवढा खड्डा गर्दीच्या शहरात उघडायचा, बाजू ढासळू द्यायच्या नाहीत, पाणी उपसत राहायचं, वरची रहदारी वळवायची, आणि सगळं संपल्यावर आत जिने, लिफ्ट, हवा, आगीची व्यवस्था. यंत्र महिन्याला काहीशे मीटर जातं. स्थानक जागचं हलत नाही आणि वर्षं खातं.

पुरावा कात्रजच्याच मार्गावर आहे. मंजुरीत तीन स्थानकं होती. लोक म्हणाले, मधे एवढी वस्ती, उतरायचं कुठे? रास्त मागणी. २०२५ मध्ये राज्यानं दोन स्थानकं वाढवली आणि कात्रजचं स्थानक ४२१ मीटर दक्षिणेला सरकवलं. वाढीव खर्च ६८३ कोटी ११ लाख. आमच्या निगडीच्या सबंध मार्गाच्या तीन चतुर्थांश. बोगदा जवळपास तोच, भोक तेच.

*

मुंबईची मेट्रो तीन: आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, एक सोडून सगळी जमिनीखाली. मूळ अंदाज २३,१३६ कोटी. शेवटी ३७,२७६ कोटी. किलोमीटरला अकराशे कोटींच्या वर, कात्रजच्या दुप्पट. सतरा यंत्रं लावली होती. खोदाई २०१७ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. सबंध मार्ग खुला झाला ऑक्टोबर २०२५ मध्ये. पुन्हा तेच: शेवटचा खडक फुटल्यावर तीन वर्षं.

यातला आरेचा कारशेड म्हणजे बोगद्याशी काही संबंध नसलेला जमिनीवरचा यार्ड. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्या रात्रीपासून दोन हजारांवर झाडं पडली, तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं पुढची तोड थांबवली. मग सरकार बदललं, स्थगिती आली, कारशेड कांजूरमार्गला निघाला, तिथेही कोर्टानं थांबवलं, पुन्हा सरकार बदललं, २०२२ मध्ये परत आरे. जमिनीखाली यंत्रं निमूट पुढे चालली होती आणि गाड्या रात्री झोपणार कुठे याचा पत्ता नव्हता.

कफ परेडकडे रहिवासी आवाजाविरुद्ध कोर्टात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये रात्रीच्या कामाला मनाई, ती अटींवर उठली पुढच्या ऑगस्टमध्ये. वर्तमानपत्रात तेव्हा लोक लिहीत होते, मूठभर श्रीमंतांची झोप आणि लाखो प्रवाशांचा खोळंबा. असेल. पण मी शिफ्ट केलेला माणूस आहे. झोप न झालेल्याशी वाद घालू नये हे मला कळतं.

*

परवानगी म्हटली की आपल्या डोळ्यापुढे टेबल, फाइल आणि रबरी शिक्का येतो. मेट्रोच्या मार्गाला तर २००६ च्या अधिसूचनेखाली केंद्राची पर्यावरण मंजुरीही लागत नाही, रेल्वेसारखीच त्या यादीबाहेर आहे. तरी वेळ लागतो, कारण परवानगी एक नसते. झाडांचं प्राधिकरण वेगळं, वाहतूक पोलीस वेगळे, वीज, पाणी, गॅस, टेलिफोन वेगळे. लष्कराची जमीन असेल तर दिल्ली. खडकीत लष्कराची हद्द आहे. तिथलं स्थानक सुरू व्हायला २०२५ चा जून उजाडला, त्याच्या अलीकडे-पलीकडे गाड्या २०२३ पासून धावत होत्या. आम्ही दोन वर्षं खडकी खिडकीतून बघत गेलो.

आगाखान पॅलेस संरक्षित वास्तू. कायद्यानं शंभर मीटरपर्यंत बांधकाम नाही, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीनं. रामवाडीचा मार्ग नगर रस्ता सोडून कल्याणीनगरमधून वळला तो त्यामुळे. मुठेच्या पात्रातून जाणाऱ्या तुकड्यावर हरित लवादात खटला चालला, मग अटींसह मार्ग मोकळा झाला. या दोन्ही वेळा अडवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. वाडा एकदाच पडतो. नदीतला खांब काढून कुणी परत नेत नाही.

*

आणि आमची पवना.

जमिनीखालून काहीतरी न्यायचं आणि ते वर्षानुवर्षं अडायचं याचं चिंचवडच्या वाट्याचं उदाहरण बोगद्याचं नाही, पाइपाचं आहे. पवना धरण ते निगडीचं जलशुद्धीकरण केंद्र, चौतीस किलोमीटरची बंद जलवाहिनी. आत्ता पाणी धरणातून नदीत सोडतात, ते वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून पालिका उचलते. वाटेत घाण मिसळते, पाणी मुरतं, चोरलं जातं. पाइपातून थेट आणलं तर सगळं वाचेल. इंजिनिअरच्या वहीत यात चूक काढता येत नाही. मीही काढली नव्हती. खंदक खणायचा, पाइप टाकायचा, माती लोटायची. बोगद्यापुढे पोरखेळ.

मावळच्या शेतकऱ्यांचा हिशेब दुसरा होता. धरणाला जमिनी आमच्या गेल्या. आता पाणी पाइपात गेलं तर नदी कोरडी, आणि नदीवरच्या आमच्या मोटारी कोरड्या. जमीन पुन्हा घेणार ती वेगळीच. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्ग त्यांनी अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मेले, त्यांत एक बाई.

काम थांबलं ते थांबलंच. आणलेले पाइप मावळात रस्त्याच्या कडेला पडून राहिले. लोणावळा लोकलनं जाताना मी ते पाहत असे, आधी काळे, मग तांबडे, मग गवतात बुडालेले. २०१९ च्या नोव्हेंबरपासून आम्हाला एक दिवसाआड पाणी येतं. २०२३ मध्ये सरकारनं स्थगिती उठवली. मावळातला विरोध काही उठला नाही.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा कुणीतरी त्राग्यानं म्हणालं, "एवढ्याशा लोकांपायी सगळ्या शहराला तहान." माझ्या तोंडून काही निघालं नाही, पण माझं आजोळ कामशेतजवळचं. त्या क्रांतिदिनी तिथल्या कुणीही शिक्का हातात घेऊन फाइल अडवली नव्हती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारण्याला पाच वर्षं लागली असती असं समजा. न विचारण्याला किती लागली ते आम्ही हंड्यांत मोजतोय.

*

परदेश, थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये सेकंड अॅव्हेन्यूखाली तीनएक किलोमीटरचा तुकडा १ जानेवारी २०१७ ला सुरू झाला. खर्च सुमारे साडेचार अब्ज डॉलर. आपल्या पैशात किलोमीटरला बारा हजार कोटींच्या घरात. त्या एका किलोमीटरात कात्रजसारखे चार मार्ग बसतील. खडक आमच्यापेक्षा वाईट नाही, यंत्रं तीच. स्थानकं मात्र राजवाड्याएवढी खोदली.

माद्रिदनं १९९५ ते १९९९ या चार वर्षांत ५६ किलोमीटर बांधले. तिथला मुख्य इंजिनिअर मॅन्युएल मेलीस मायनार. स्थानकं साधी, उथळ, एकाच नमुन्याची. हाताखाली थोडे पण स्वतःचे पगारी इंजिनिअर, सल्लागारांची फौज नाही. अडचण आली की निर्णय त्याच दिवशी. हे वाचून मला आमचे जुने फोरमन आठवले. ड्रॉइंगमध्ये घोळ निघाला तर ते डिझाइनला चिठ्ठी पाठवत नसत, स्वतः जिना चढून जात आणि सही घेऊनच उतरत.

*

भाचा सर्व्हेचं काम करतो, जमिनीखालचं दाखवणारं रडार ढकलत रस्त्यानं फिरतो. दिवाळीत आला होता. येरवडा ते कात्रज वीसेक किलोमीटरच्या भुयारी रस्त्याची चर्चा आहे, त्यावरून मी त्याला छेडलं.

"होईल का रे?"

"न व्हायला काय झालं, मामा? खाली खडक चांगला आहे."

"आणि वर?"

तो हसला. म्हणाला, "मामा, आमचं रडार पाइप दाखवतं, केबल दाखवतं. तो पाइप कुणाचा आहे हे नाही दाखवत. त्यासाठी मला सहा ऑफिसं फिरायला लागतात, आणि सहाही जण म्हणतात, आमचा नाही."

*

परवा चौकात खोदताना पाण्याची लाइन फुटली. कुणी फोडली, कुणाची चूक, यात मी पडत नाही. पाण्याचाच दिवस होता. महामार्गावर गुडघाभर तळं, दुचाक्या ढकलत चाललेली माणसं, पत्र्याआड आरडाओरडा. खोदणाऱ्यांच्या नकाशात ती लाइन नव्हती. पालिकेच्या माणसानं आणलेल्या नकाशात होती, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. दोन्ही नकाशे बॉनेटवर अंथरून दोघं त्यांच्याकडे बघत होते, वरून पाणी उडत होतं. व्हॉल्व्ह कुठे आहे ते कुणालाच सापडेना.

तासाभरानं कुणीतरी स्कूटरवरून एका म्हाताऱ्याला घेऊन आलं. पालिकेचा जुना व्हॉल्व्हमन, निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेला, पायजमा-बनियनवरच उचलून आणलेला. त्यानं नकाशाकडे पाहिलंही नाही. चौकात उभा राहून आधी स्टेशनच्या पुलाकडे पाहिलं, मग एका बंद पडलेल्या दुकानाच्या ओट्याकडे. पाण्यातून चालत गेला, पावलं मोजली, थांबला, दोन पावलं मागे आला. चप्पल काढून तळव्यानं डांबर चाचपलं.

"इथं," म्हणाला. "तेव्हा इथं चिंचेचं झाड होतं."

पोकलेनवाल्यानं बकेट खाली घेतली.

"हळू रे बाबा," म्हातारा ओरडला, "दीड फुटावर आहे."